एकच डबा पैलवानालाही आणि टीबीच्या पेशंटलाही चालतो का?

येळ्ळूरच्या एका तरुण पैलवानाचा प्रश्न आला आहे. वय २३, वजन ७४ किलो, पहाटे पाचला तालमीत. वडिलांना दीड महिन्यापूर्वी फुप्फुसाचा टीबी निघाला, सरकारी गोळ्या चालू आहेत. पावडरीच्या दुकानदारानं त्याला एक डबा दिला. त्यात ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन ही तीन अमिनो आम्लं, शिवाय ग्लुटामिन. दुकानदार म्हणाला, "ही थेट पेशीत जातात. तुझं अंग भरेल, वडिलांची प्रतिकारशक्ती वाढेल. एकच डबा दोघांना चालतो." मुलगा विचारतो, हे खरं आहे का? अमिनो आम्लं पेशीत जातात कशी, आणि त्यानं पेशी वाढते, प्रतिकारशक्ती वाढते म्हणजे आत नेमकं काय होतं?

मी बेळगावात ३१ वर्षं फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करतो. त्याआधी दोन वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवत होतो. आपल्याकडे दवाखान्यातली माहितीपत्रकं कन्नडमध्ये असतात, औषधाच्या खोक्यातला कागद इंग्रजीत. खानापूर, निपाणी, चंदगडकडून येणारी मराठी माणसं असले प्रश्न मनातच ठेवून परत जातात. तू विचारलंस, बरं वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुकानदाराचं अर्धं बोलणं खरं आहे. पेशीची वाढ आणि प्रतिकारशक्ती ही दोन्ही कामं खरोखरच एकाच दारावर अवलंबून आहेत. त्यापुढचं त्याचं सगळं चुकलं आहे, आणि ते कुठं चुकलं हे कळायला त्या दारापाशी थोडं थांबावं लागेल.

पेशीत थेट काही जात नाही. प्रत्येक पेशीभोवती चरबीचं दुपदरी आवरण असतं आणि पाण्यात विरघळणारी अमिनो आम्लं त्या चरबीतून आरपार जाऊ शकत नाहीत. म्हणून आवरणात प्रथिनांचीच बनलेली दारं बसवलेली असतात. आम्ही त्यांना ट्रान्सपोर्टर म्हणतो, पुस्तकी मराठीत वाहक. तू मसुराची आमटी खा नाहीतर पावडर पाण्यात ढवळून पी. आमटीतल्या प्रथिनाचे आतड्यात बारीक तुकडे होतात, पावडरीतली अमिनो आम्लं आधीच सुटी असतात, पण दोन्ही आतड्याच्या पेशींमधल्या दारांतूनच रक्तात येतात, आणि मग शरीरातली एकेक पेशी आपापल्या दारातून हवं ते रक्तातून उचलते. रक्तापर्यंतची वाट सगळ्यांची सारखीच. खरा फरक पडतो तो त्यानंतर, कुणाच्या अंगावर किती दारं बसलेली आहेत त्यावर.

तुझ्या डब्यातली तिन्ही अमिनो आम्लं पेशीत जातात ती मुख्यतः लॅट-१ नावाच्या दारातून. जपानमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये ते शोधलं. या दाराचा व्यवहार बोहारणीसारखा आहे. माझ्या लहानपणी शहापुरात आमच्या गल्लीत बोहारीण यायची, डोक्यावर भांड्यांची पाटी. आई जुनं लुगडं पुढं टाकत नाही तोवर ती वाटीला हात लावू द्यायची नाही. लॅट-१ तसंच आहे. आतलं एक अमिनो आम्ल बाहेर घेतं तेव्हाच बाहेरचं एक आत सोडतं. ल्युसिन आत येताना बऱ्याचदा ग्लुटामिन बाहेर जातं. म्हणजे घरात आधी देण्याजोगं लुगडं असायला हवं. ते ग्लुटामिन पेशीत येतं दुसऱ्या दारांतून, सोडियमच्या जोरावर, आणि सोडियम सतत बाहेर उपसत राहायला पेशीला ऊर्जा जाळावी लागते. ज्या पेशीची ऊर्जाच संपत आली आहे तिच्या उंबऱ्याशी ल्युसिनचं पोतं ओतलं तरी तिला त्याचा फारसा उपयोग नाही. उपाशी, अशक्त माणसाला नुसती अमिनो आम्लं पाजून भागत नाही त्याचं एक कारण इथं आहे. वडिलांच्या बाबतीत हे पुढं पुन्हा येईल.

या दाराची दुसरी गोष्ट म्हणजे ते सामायिक आहे. ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन यांच्याबरोबर फेनिलअलॅनिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन, मिथिओनिन, हिस्टिडिन ही सगळी याच दारानं जातात. एकाची गर्दी झाली की दुसऱ्याला थांबावं लागतं.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण खरं कळलं ते एका पेशंटमुळं. खानापूर भागातले एक निवृत्त मास्तर, कंपवाताचे. त्यांची बायको म्हणाली, "सकाळची गोळी चालते डॉक्टर, दुपारची काय कामाचीच नाही." डोस वाढवावा असं मलाही वाटलं होतं. पण आधी बघावं म्हणून त्यांना डबा घेऊन दुपारी दवाखान्यातच बोलावलं. मास्तरांनी भाकरी, मोडाच्या मटकीची भरपूर उसळ, वाटीभर दही असं जेवण केलं आणि शेवटी गोळी घेतली. दीड तासानं मी त्यांना आत बोलावलं. खुर्चीवरून कसेबसे उठले, चार पावलं आले आणि माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर दोन्ही पाय खिळले. पाऊल उचलायचं म्हणत होते, पाय ऐकत नव्हते. बायकोनं दंडाला धरून आत आणलं. पुढच्या आठवड्यात तीच गोळी, तेवढीच, पण बारा वाजता नुसत्या पाण्याबरोबर दिली आणि जेवण पाऊण तासानं. त्या दिवशी मास्तर तोच उंबरा एकटे ओलांडून आले.

कंपवाताची ती गोळी, लेव्होडोपा, टायरोसिनच्या जातीतली आहे. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ती अशाच सामायिक दारांतून जाते. उसळीतली आणि दह्यातली अमिनो आम्लं त्याच वेळी दारात उभी राहिली की गोळी मागं पडते. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा पेशंट असेल तर गोळीच्या वेळेबद्दल डॉक्टरांशी नक्की बोला, पण डाळ-दूध स्वतःच्या मनानं बंद करू नका. ती माणसं आधीच वाळत चाललेली असतात.

आता वाढीकडे येतो. ल्युसिन आत आल्यावर त्याची दोन कामं. एक म्हणजे ते वीट आहे, प्रथिनाच्या भिंतीत बसतं. दुसरं काम जास्त महत्त्वाचं, ते निरोप आहे. पेशीत एमटॉर नावाचा मुकादम बसलेला असतो. विटा आल्यात, वाळू आलीय, चुलीत जळण आहे, अशी सगळीकडून खबर घेतल्याशिवाय तो काम सुरू करायला सांगत नाही. ल्युसिन पोचल्याची खबर त्याला सेस्ट्रिन-२ नावाचं प्रथिन देतं, आर्जिनिन आल्याची खबर दुसरं एक प्रथिन देतं. या दोन्ही खबऱ्यांची ओळख २०१६ मध्ये नक्की झाली. खबर पटली की मुकादम पेशीतल्या लायसोसोम नावाच्या पिशवीवर जाऊन बसतो आणि तिथून हुकूम सोडतो की प्रथिनं बनवा, चरबी बनवा, आकार वाढवा, दोन व्हा. खबर आली नाही तर उलट हुकूम सुटतो. मग जुनंपानं मोडून खायचं आणि गप्प बसायचं.

या मुकादमाचा शोध कसा लागला ते सांगायला मला नेहमी आवडतं. १९६४ मध्ये कॅनडाची एक वैद्यकीय मोहीम पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली होती. तिथल्या मातीचे नमुने माँट्रियलच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत पोचले. त्या मातीतल्या जिवाणूपासून सुरेन सेहगल यांच्या गटानं एक रसायन वेगळं काढलं. सेहगल आपल्याच उपखंडातले, अविभक्त पंजाबात जन्मलेले, बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. बेटाचं तिथल्या लोकांचं नाव रापा नुई, म्हणून औषध रॅपामायसिन. बुरशीवरचं औषध म्हणून त्याची सुरुवात झाली, १९७५ मध्ये त्यावरचे लेख प्रसिद्ध झाले. पुढं दिसलं की ते प्रतिकारशक्ती दाबतं, आणि पेशींची वाढही थांबवतं. ते ज्याला जाऊन रोखतं तोच हा मुकादम, म्हणून त्याचं नावही औषधावरून पडलं. एमटॉरमधलं टॉर म्हणजे रॅपामायसिनचं लक्ष्य.

१९९९ मध्ये अमेरिकेत हे औषध मूत्रपिंड बदललेल्या पेशंटांसाठी मंजूर झालं. नवं मूत्रपिंड शरीरानं परकं समजून मारू नये म्हणून ते देतात. ते घेणाऱ्या माणसाला जंतुसंसर्ग लवकर होतो आणि त्याची जखमही उशिरा भरते, म्हणून ऑपरेशनची वेळ जवळ आली की सर्जन या औषधाबाबत सावध असतात. एकाच मुकादमाला गप्प केलं की लढणारी पेशी आणि जखम भरून काढणारी पेशी, दोघींचं काम थांबतं. तुझ्या प्रश्नातली वाढ आणि प्रतिकारशक्तीची जोडी शरीरात अशी एकाच ठिकाणी बांधलेली आहे.

आता प्रतिकारशक्ती. टिळकवाडीत आपला व्हॅक्सिन डेपो आहे. आज तिथं लोक झाडांखाली सकाळी फिरायला जातात, पण इंग्रजांच्या काळापासून तिथं देवीची लस तयार व्हायची. लस टोचल्यावर एखाद्याला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बगलेत दुखरी गाठ येते आणि माणूस घाबरून दवाखान्यात येतो. त्या गाठीत काय चाललेलं असतं? जंतू ओळखून लढणाऱ्या पांढऱ्या पेशींतली एक जात म्हणजे टी पेशी. एरवी ही अगदी छोटी, सुस्त पेशी असते. महिनोन्‌महिने रक्तातून आणि गाठींतून नुसती हिंडत असते. तिच्या ओळखीचा एखादा जंतूचा तुकडा समोर आला की पहिल्या दिवसभरात ती फुगते, आकारानं मोठी होते, आणि मग काही काही तासांना दोनाच्या चार, चाराच्या आठ होत जातात. काही दिवसांत एकीच्या हजारो होतात. इतक्या पेशी बनवायला इतकं प्रथिन लागतं, आणि ते सगळं बाहेरून आणायचं असतं. म्हणून जागी झाल्याबरोबर ती जी पहिली कामं करते त्यातलं एक म्हणजे अंगावर लॅट-१ ची आणि ग्लुटामिनची दारं भराभर बसवणं.

याचा पुरावा गमतीशीर वाटेनं हाती आला. १९८१ मध्ये प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्यांना जाग्या झालेल्या लिम्फोसाइटवर (टी पेशी याच जातीच्या) एक खूण सापडली. तिचं नाव त्यांनी ४एफ२ ठेवलं. पेशी जागी आहे हे ओळखण्याची खूण, एवढाच तिचा अर्थ त्यांना लागला होता. सतरा वर्षांनी, लॅट-१ सापडलं तेव्हा, कळलं की ती खूण म्हणजे त्याच दाराची चौकट आहे. ती चौकट नसली तर दार पेशीच्या आवरणात बसतच नाही. म्हणजे प्रतिकारशक्तीचे अभ्यासक इतकी वर्षं दाराकडेच बघत होते.

२०१३ मध्ये स्कॉटलंडमध्ये डंडी इथं डोरीन कँट्रेल यांच्या गटानं उंदरांच्या टी पेशींमधून फक्त लॅट-१ चं जनुक काढून टाकलं. बाकी सगळं जागेवर. जंतूचा तुकडा दाखवला, पेशीनं तो ओळखला, पण मुकादमाचा हुकूम सुटेना. पेशी नीट फुगेना, वाढेना, लढाऊ टी पेशींचं सैन्य उभंच राहीना. त्यातही एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. लढणाऱ्या जातीच्या टी पेशी अडल्या, पण प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या ज्या नियामक टी पेशी असतात त्या मात्र तयार होऊ शकल्या. पुढच्या वर्षी ग्लुटामिनच्या एका दाराबाबतही दुसऱ्या गटाला असंच दिसलं. अमिनो आम्लांची टंचाई झाली की सैन्य लहान होतं आणि वर पारडंही लगामाच्या बाजूला झुकतं.

हे दार चांगल्या-वाईट पेशीत भेद करत नाही. कर्करोगाच्या कितीतरी गाठींवर लॅट-१ भरमसाट असतं, कारण त्यांनाही वाढायचं असतं. मायलोमा या रक्तपेशींच्या कर्करोगाला वापरतात ते मेल्फलान हे औषध फेनिलअलॅनिनच्या अंगावर विष बांधून केलेलं आहे आणि याच दारातून आत शिरतं. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात देतात ते अस्पॅराजिनेज वेगळ्या युक्तीनं चालतं. त्या कर्करोगाच्या पेशींना अस्पॅराजिन नावाचं अमिनो आम्ल पुरेसं बनवता येत नाही, रक्तातून घ्यावं लागतं. औषध रक्तातलं अस्पॅराजिनच संपवतं. निरोगी पेशी आपलं आपण बनवून घेतात, कर्करोगाची पेशी उपाशी मरते. याची सुरुवात १९५३ मध्ये झाली, गिनीपिगच्या रक्तद्रवानं उंदरांमधल्या गाठी विरघळतात या निरीक्षणातून.

आता दुकानदाराचं म्हणणं पुन्हा घे. जास्त पावडर, म्हणून जास्त प्रतिकारशक्ती. पण वर बघितलंस ना, टी पेशी दारं बसवते ती जंतू समोर आल्यावर. स्नायू दारं वाढवतो ते व्यायामाचा ताण पडल्यावर. तू जोर-बैठका मारून उठतोस त्यानंतरच्या काही तासांत मांडीच्या स्नायूंत लॅट-१ वाढलेलं असतं, हे माणसांवरच्या अभ्यासात दिसलं आहे. गरज पडली की दारं वाढतात. निरोगी, पोटभर जेवणाऱ्या माणसाच्या रक्तात सगळी अमिनो आम्लं मुबलक असतातच. ग्लुटामिन तर रक्तात सगळ्यांत जास्त असतं. आणि तुझ्या शरीरात रोज २५० ते ३०० ग्रॅम प्रथिन मोडलं जातं आणि नव्यानं बांधलं जातं. त्यात पाच ग्रॅमचा चमचा कुठं लागतो, तूच बघ.

ग्लुटामिनबद्दल एक गोष्ट दुकानदाराला माहीत असायला हवी होती. आजारी माणसाच्या रक्तात ग्लुटामिन घटतं, लढणाऱ्या पेशींना ते लागतं, मग बाहेरून दिलं तर माणसं वाचतील, असं आम्हा डॉक्टरांनाही वाटत होतं. युक्तिवाद अगदी बिनतोड दिसत होता. कॅनडा, अमेरिका आणि युरोपातल्या ४० अतिदक्षता विभागांत, एकाहून जास्त अवयव निकामी होत आलेल्या १,२२३ पेशंटांवर त्याची नीट चाचणी झाली आणि २०१३ मध्ये निकाल आला. ग्लुटामिन दिलेल्यांमध्ये सहा महिन्यांपर्यंतचे मृत्यू जास्त निघाले. ते अत्यवस्थ पेशंट होते, तुझ्या वडिलांची तशी अवस्था नाही. पण आजारी माणसाला एखादं अमिनो आम्ल वेगळं काढून भरमसाट पाजण्याबद्दल माझं मत त्या दिवसापासून पक्कं झालं आहे.

वडिलांकडे येतो. टीबीत माणूस का वाळतो? जंतू मांस खात नाही. महिनोन्‌महिने ताप असतो, लढाई चालू असते, टी पेशी आणि जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी अखंड मागणी करत असतात, आणि वर भूक मेलेली असते. मग शरीर आपल्याच स्नायूंचं कोठार फोडतं. स्नायूतलं प्रथिन मोडून ग्लुटामिन आणि बाकीची अमिनो आम्लं रक्तात सोडली जातात. वडिलांचा दंड आज बघ. जे गेलं आहे त्यातलं बरंच लढाईच्या कामी आलं आहे.

त्या लढाईतला एक डावही सांगतो. मॅक्रोफेजनं गिळलेल्या जंतूला मारायचा एक मार्ग म्हणजे त्याची रसद तोडणं. टी पेशींचा इशारा आला की मॅक्रोफेज आपल्या आतलं ट्रिप्टोफॅन एका एन्झाइमनं तोडून टाकतं. ज्या जंतूंना ट्रिप्टोफॅन आयतं लागतं ते उपाशी मरतात. टीबीचा जंतू इथं निसटतो, कारण तो स्वतःचं ट्रिप्टोफॅन स्वतः बनवतो. २०१३ मध्ये हे दाखवलं गेलं, आणि त्याची ती बनवण्याची यंत्रणा बंद पाडणारं औषध मिळतं का याचा शोध त्यातून सुरू झाला.

तर वडिलांना काय द्यायचं? याचं उत्तर पेशीत शोधायची गरज नाही. ते झारखंडात मिळालं आहे, आणि ते काम आपल्याच राज्यातल्या मंगळूरच्या डॉक्टर अनुराग आणि माधवी भार्गव यांच्या पुढाकारानं झालं. चार जिल्ह्यांत टीबीच्या २,८०० पेशंटांना दरमहा शिधा दिला. तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल, म्हणजे दिवसाला १,२०० कॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिन, शिवाय जीवनसत्त्वाची गोळी. निम्म्या घरांत बाकीच्या माणसांनाही जास्तीचा तांदूळ आणि डाळ दिली. २०२३ मध्ये निकाल आले. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथं नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला, आणि जंतू सापडलेला टीबी तर ४८ टक्क्यांनी. ज्या पेशंटांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका खूपच खाली आला. माझ्या ३१ वर्षांत टीबीबद्दल वाचलेली इतकी दिलासा देणारी बातमी मला दुसरी आठवत नाही. आणि बघ, त्या शिध्यात ल्युसिनचा डबा नव्हता. तांदूळ आणि तेल होतं, म्हणजे ऊर्जा. डाळ आणि दूध होतं, म्हणजे सगळ्या जातींच्या विटा.

आपल्या भागापुरतं आणखी एक. अथणी, सौंदत्ती, गोकाक हा जोंधळ्याचा मुलूख, आणि येळ्ळूरला भात पिकत असला तरी घरोघरी शाळूची भाकरी असतेच. जोंधळ्याच्या प्रथिनात ल्युसिन जास्त आणि लायसिन कमी. दख्खनमधल्या गरीब, नुसत्या जोंधळ्यावर जगणाऱ्या लोकांत पूर्वी पेलाग्रा दिसायचा. मानेवर आणि हातांवर उन्हात काळवंडलेली सोलपटणारी कातडी, जुलाब, मग भ्रम. हैदराबादच्या पोषण संस्थेतल्या डॉक्टर सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडलं की जोंधळ्यातलं जास्तीचं ल्युसिन ट्रिप्टोफॅनपासून नायासिन (बी-३ जीवनसत्त्व, जे कमी पडलं की पेलाग्रा होतो) बनण्याच्या आड येतं. पुढं त्यावर बराच वाद झाला, सगळ्या प्रयोगांत ते दिसलं नाही. पण टीबीची आयसोनियाझिड ही गोळी मात्र बी-६ जीवनसत्त्व अडवते आणि त्यामुळं नायासिन बनायला अडथळा येतो, हे पक्कं आहे. ती घेणाऱ्यांत पेलाग्रा झालेला नोंदवला गेला आहे. म्हणून टीबीच्या गोळ्यांबरोबर बी-६ ची गोळी देतात. वडील ती घेतात का बघ. अशा माणसावर वरून ल्युसिनचा मारा करायला माझं मन धजत नाही. भाकरीला मात्र दोष देऊ नकोस. भाकरीबरोबर डाळ आली की लायसिन भरून निघतं, डाळीत कमी पडणारं मिथिओनिन भाकरी देते, आणि शेंगदाण्याची चटणी, दही असलं की ताट पुरं होतं.

वडिलांना त्यांच्या योग्य वजनाच्या किलोमागं रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिन हवं. एकदम जेवण जाणार नाही, तर दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम, पाव लिटर दूध ८ ग्रॅम, मूठभर शेंगदाणे ७-८ ग्रॅम. हुलग्याचं पिठलं, मसुराची आमटी, त्यावर तेलाची किंवा तुपाची धार. तेल-तूप टाळू नका, अंगात जळण नसेल तर शरीर प्रथिनच जाळून टाकतं. टीबीच्या पेशंटांना खुराकासाठी सरकार देतं ते निक्षय पोषण योजनेचे महिना १,००० रुपये वडिलांच्या खात्यावर येत आहेत का, पासबुक भरून बघ. नोव्हेंबर २०२४ पासून रक्कम ५०० वरून १,००० झाली आहे, आणि खात्याचा नंबर चुकल्यामुळं कितीतरी जणांचे पैसे अडकलेले मी बघितले आहेत.

आता तुझा खुराक. तालमीत घाम गाळणाऱ्याला किलोमागं १.४ ते २ ग्रॅम प्रथिन पुरतं, म्हणजे तुला १०० ते १५० ग्रॅमच्या आसपास. ते चार वेळांत विभागून घे, एक वेळ मेहनतीनंतरची. डब्यातली तीन अमिनो आम्लं म्हणजे मुकादमाला हाक मारायची आणि विटा तीनच जातींच्या द्यायच्या. शरीराला बाहेरून लागणारी अमिनो आम्लं नऊ आहेत. उरलेल्या सहा कुठून येणार? शरीर ती आपल्याच स्नायूतून काढणार. वस्ताद सांगतात तो दूध, अंडी, डाळ, मटण, बदामाचा खुराक या डब्याहून पूर्ण आहे. कुस्तीच्या दौऱ्यावर जेवणाची आबाळ होते म्हणून पावडर घ्यायचीच असेल तर दुधाच्या प्रथिनाची घे, तिच्यात नऊच्या नऊ असतात. आणि वजनी गटात बसायला स्पर्धेआधी उपाशी राहून, पाणी तोडून वजन उतरवतोस का? त्या आठवड्यात पैलवानांना सर्दी-खोकला का धरतो हे वरचं वाचून तुझ्या लक्षात आलं असेल. घरात टीबी असताना यंदा ते अजिबात करू नकोस.

डबा सीलबंद असेल तर परत करून ये. येत्या सोमवारी वडिलांना घेऊन दवाखान्यात ये, औषध सुरू झाल्या दिवशीच्या वजनाचा कागद बरोबर असू दे. दोन महिने पुरे व्हायला दोन आठवडे आहेत, किती भरले ते काट्यावर बघू. वजन चांगलं वाढलं असेल तर गोळ्यांचं प्रमाणही वजनाच्या पुढच्या गटाप्रमाणे न्यावं लागतं, ते टीबी विभागाशी बोलून ठरवू. आणि तुझा, आईचा, घरात जे जे राहतात त्या सगळ्यांचा छातीचा एक्स-रे अजून झालेला नसेल तर त्याच दिवशी करून घेऊ. टीबी नाही असं दिसलं तर प्रतिबंधक औषधाचं बघू, तेही सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं.